पुटकुळी आणि फुकटचा सल्ला

ओठांच्या भोवती, हनुवटीवर, नाकाखालच्या पट्टीत येणाऱ्या पुटकुळ्या. विषय किरकोळ वाटेल. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं देवाधर्माचं, नातवंडांचं, फार तर जुन्या आठवणींचं लिहावं. हे काय काढलंय, असंही कुणाला वाटेल. वाटू दे. बत्तीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवलं. बरोबर ज्या वयात या पुटकुळ्या येतात त्या वयाची साठ-साठ मुलं रोज पुढ्यात बसलेली असायची. कविता म्हणायला उभं केलं की पुस्तक नाकापर्यंत वर धरणारी मुलगी, उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की या विषयाला किरकोळ म्हणायची माझी तयारी नाही.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण. त्यामुळे खाली जी शास्त्राची माहिती येईल ती त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पुन्हापुन्हा सांगितलेली आहे, माझ्या पदरची नाही. राग मात्र माझा स्वतःचा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ओठांभोवतीच्या पुटकुळ्यांनी आजवर फारसं कुणाचं वाटोळं केलेलं नाही. त्या पाहून आपण जे सल्ले देतो आणि घाईघाईनं जे काही चोपडतो, त्यानं केलं आहे. 'रोगापेक्षा इलाज भयंकर' ही म्हण मी वर्गात वाक्यात उपयोग करायला देत असे. तिचा इतका चपखल उपयोग मला निवृत्तीनंतर सापडला.

नावापासून सुरुवात करते, कारण सवय जात नाही. आपल्याकडे याला पुटकुळ्या, मुरुमं म्हणतात आणि पुस्तकी भाषेत तारुण्यपिटिका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या यादीत हिचं नाव 'मुखदूषिका' असं येतं. वर्णन फार नेमकं आहे: तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पुळ्या. ज्यानं काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं आहे त्याला हे लगेच पटेल. कारण म्हणून तिथे कफ, वात आणि रक्त यांचं नाव घेतलं आहे. आजचं शास्त्र वेगळी कारणं सांगतं, तो भाग निराळा. पण त्या जुन्या ग्रंथकारानं निदान शरीरात शोधलं, मुलीच्या चालचलणुकीत शोधलं नाही, एवढं लक्षात घ्या. आपण त्याच्याही मागे गेलो आहोत.

आपण काय म्हणतो? 'तोंड नीट धुत नाहीस.' 'बाहेरचं खातेस, त्याचं फळ.' 'रात्र रात्र मोबाईल बघतेस, मग काय होणार?' 'मनात नको ते विचार असतात या वयात.' आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, 'लग्न झालं की जातील आपोआप.' हे सगळं त्या मुलीच्या तोंडावर, चारचौघांत, हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या पंगतीत. जिला आपण वर्षातून एकदा भेटतो तिच्या हनुवटीवर बोट ठेवून 'हे काय गं?' असं विचारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला कधी कळलेलं नाही. तिच्या घरात आरसा नाही का? सकाळपासून चार वेळा तिनं तो पाहिलेला असतो.

या सल्ल्यांत किती तथ्य आहे ते पाहू. वयात येताना शरीरात अँड्रोजन जातीची संप्रेरकं वाढतात, मुलांत जास्त आणि मुलींतही थोडी. त्यांच्यामुळे केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. मृत पेशी आणि तेल मिळून छिद्राचं तोंड बंद होतं. आत नेहमीच वस्तीला असलेले जंतू त्यात वाढतात आणि दाह होतो. ही झाली पुटकुळी. यात अस्वच्छता कुठे आली? काळं टोक दिसतं तो मळ नव्हे. आतला ऐवज हवेला लागून काळा पडलेला असतो. दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणानं तोंड धुणं पुरेसं आहे. 'नीट धू' म्हणून टोकल्यावर पोरं काथ्या घासावा तशी तोंड घासतात, आणि घासण्यानं दाह वाढतो. म्हणजे सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे.

खाण्याचं म्हणाल तर गोड आणि मैद्याचे पदार्थ भरपूर खाणं, आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा पुटकुळ्यांशी काही संबंध दिसतो असं अभ्यास सांगतात. पण आपण बोट दाखवतो ते तेलकट भजी-वड्यांकडे, ज्यांच्याविरुद्धचा पुरावा तितका भक्कम नाही. घरचा शिरा आणि बाहेरचा वडा यांत आपल्याला वडाच दोषी वाटतो, कारण तो बाहेरचा. आणि लग्नाचं? पुष्कळांच्या पुटकुळ्या विशीत आपोआप कमी होतात. पूर्वी लग्नंही विशीतच होत. श्रेय अक्षतांना मिळालं.

मनातल्या विचारांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते ज्याचं त्यानं आपल्या मनाशी विचारावं, की तेरा वर्षांच्या पोरीचा चेहरा पाहून आपल्या मनात हे कसं आलं.

आता मुख्य गोष्ट. ओठांभोवती येणारं सगळंच 'मुरुम' नसतं. दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे निदान पाच-सहा प्रकार या एवढ्याशा जागेत येतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. हे ठाऊक नसताना दिलेला सल्ला म्हणजे प्रश्न न वाचता लिहिलेलं उत्तर.

एक, खरी तारुण्यपिटिका. मुलींमध्ये ती हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं ठाण मांडून बसली असेल, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर कारण संप्रेरकांच्या असमतोलात असू शकतं. पीसीओडी हा शब्द आता सगळ्यांच्या कानांवरून गेला आहे. अशा मुलीला बोलणी नकोत, तपासणी हवी.

दोन, ब्यूटी पार्लरचं देणं. वरच्या ओठावर थ्रेडिंग केल्यावर एक-दोन दिवसांत तिथे बारीक पुळ्यांची रांग उठते. केस उपटले गेले, छिद्रं उघडी पडली, दोरा आणि हात स्वच्छ नव्हते. केसांच्या मुळांना दाह होतो. मुलांमध्ये हेच काम नव्या मिशीवर फिरवलेला जुना वस्तरा करतो.

तीन, आंबा. माझं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून यावर दोन शब्द जास्त लिहिते. मे महिन्यात पोरांच्या ओठांच्या कडेला पुरळ उठायचं आणि मोठी माणसं म्हणायची, 'आंबा उष्ण पडला.' आंबा पोटात जाऊन उष्ण पडत नव्हता, तो बाहेरून भाजत होता. आंब्याच्या देठाकडचा चीक आणि साल यांत त्वचेला चावणारं द्रव्य असतं. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं आहेत आणि बिब्बा अंगाला लागला की काय होतं हे आपल्याला सांगायला नको. रायवळ आंबा दातांनी सोलून चोखला की चीक थेट ओठांना लागतो. गंमत म्हणजे आमच्या आज्या यावरचा उपाय बरोबर करत: आंबे आधी पाण्यात घालून ठेवायचे, देठाकडचा चीक काढून टाकायचा, खाऊन झाल्यावर तोंड धुवायचं. कारण चुकीचं सांगितलं तरी कृती शहाणपणाची होती. जुनं ते सगळं टाकाऊ असं मी म्हणत नाही, हे इथेच नोंदवून ठेवते.

चार, लहान मुलांचं ओठ चाटणं. थंडीत ओठ कोरडे पडतात, मूल जिभेनं ते ओले करत राहतं, आणि जीभ जिथवर पोचते तिथवर लाल कडं तयार होतं. यावर साधं व्हॅसलीन आणि हळूहळू मोडलेली सवय पुरते.

पाच, ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला येणारे पाणीदार फोडांचे घोस, ज्याला काही घरांत 'जर फुटला' म्हणतात. ही विषाणूची बाब आहे, हर्पिसची. ती मुरुम नव्हे आणि मुरुमाच्या औषधानं जात नाही. फोड असताना बाळाची पापी घेऊ नये, एवढं तरी घरोघरी माहीत असायला हवं.

आणि सहावा प्रकार, ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले. तोंडाभोवती लालसर, बारीक, एकसारख्या पुळ्यांचं कडं. पण ओठांच्या अगदी लगतची चिंचोळी पट्टी मात्र स्वच्छ. डॉक्टर याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. या नावानं तो वैद्यकीय लिखाणात आला १९६४ साली. बाजारात तीव्र स्टेरॉईड मलमं आली तीही त्याच सुमाराला, हा योगायोग नव्हे. चेहऱ्याला लावलेली स्टेरॉईडची मलमं हे त्याचं सर्वांत ठळक कारण आहे. जाड सौंदर्यप्रसाधनं आणि काहींच्या बाबतीत फ्लोराइडची टूथपेस्ट यांच्याकडेही बोट दाखवलं जातं. दम्याचा पंप किंवा नेब्युलायझरचा मास्क वापरणाऱ्यांतही तो दिसतो. त्यांनी औषध मुळीच बंद करायचं नाही, घेतल्यावर चूळ भरून तोंड धुवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

म्हणजे जी ट्यूब आपण पुटकुळी घालवायला आणतो, तीच पुटकुळ्या आणते. हे कसं घडतं ते समजून घ्या, कारण न समजल्यामुळेच माणसं फसतात. स्टेरॉईड दाह दाबून टाकतं. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा तुळतुळीत आणि उजळ दिसतो. बाई खूश, शेजारीण खूश, मेडिकलवाल्याचं नाव होतं. महिना-दोन महिने जातात. चेहऱ्याची त्वचा आधीच पातळ, ती आणखी पातळ होत जाते. लाल रेघोट्या दिसू लागतात, लव वाढते, ऊन सोसत नाही, आणि नव्या पुळ्या उठतात. ट्यूब थांबवली की दबलेला दाह दुप्पट उसळून येतो. घाबरून माणूस पुन्हा ट्यूब लावतो, पुन्हा बरं वाटतं. व्यसनाचं चक्र याहून वेगळं असतं का? आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं आहे, ज्याचा अर्थ होतो 'स्टेरॉईडनं बिघडलेला, स्टेरॉईडवर अवलंबून असलेला चेहरा'. एखाद्या बिघाडाला नाव द्यावं लागतं तेव्हा तो किती पसरला असेल याचा अंदाज करा.

अंदाजावर सोडत नाही, आकडे देते. देशातल्या १२ केंद्रांत त्वचारोगाच्या बाह्यरुग्णांची एक पाहणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. त्या ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या माणसानं सुचवलेलं होतं. काहींनी ते गोरं होण्यासाठी लावलं, काहींनी दाढीनंतरचं क्रीम म्हणून, तर १०४ जणांनी मुरुमांसाठी. आणि दुष्परिणाम? सगळ्या ४३३ जणांत. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरुमं येणं किंवा असलेली वाढणं: २२५ जण. हा आकडा मी दोनदा वाचला होता. तुम्हीही वाचा.

माझी एक विद्यार्थिनी आहे. हुशार, वर्गात पुढच्या बाकावर बसणारी. साखरपुड्याला तीन आठवडे राहिले असताना हनुवटीवर चार पुटकुळ्या आल्या. चार. घरात धावपळ. मामीनं सांगितलं, दुकानात जाऊन सांग, चेहऱ्यासाठी ट्यूब द्या. दुकानदारानं दिली, चिठ्ठी मागितली नाही. साखरपुड्याच्या फोटोंत चेहरा सुरेख आला आहे, मी पाहिलेत ते फोटो. दीड वर्षानं ती मला भेटायला आली, तेव्हा पौषातल्या थंडीत तिनं तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. घरात आल्यावर सोडली. तोंडाभोवती लालभडक कडं, गालांवर रेघा, चुलीसमोर उभं राहिलं की आग होते म्हणाली. 'बाई, सासूबाई विचारतात, लग्नाआधी असंच होतं का? आमच्यापासून लपवलं का?' त्या मुलीनं काहीही लपवलं नव्हतं. तिला चार पुटकुळ्या होत्या, ज्या काही न करता महिन्याभरात बसल्या असत्या. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे उपचार झाले. बरं व्हायला वर्ष लागलं आणि पहिले काही आठवडे तर चेहरा आणखी बिघडला, तो काळ तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत.

यात दोष कुणाचा? दुकानदाराचा आहेच. २०१८ साली केंद्र सरकारनं त्वचेला लावायच्या १४ स्टेरॉईडांची सूट काढून घेतली आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तोवर 'बाहेरून लावायचं औषध' या सबबीखाली ती पळवाट उघडी होती. नियम झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. पण मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलेली असताना एका दुकानात माझ्या शेजारी उभं राहून एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, 'चेहऱ्याला काहीतरी द्या,' आणि त्याला काहीतरी दिलं गेलं. दोन मिनिटांचा व्यवहार. ट्यूबवर सूचना होती, बारीक इंग्रजी अक्षरांत. गिऱ्हाईक मराठी वाचणारं आणि सूचना इंग्रजीत, या एका गोष्टीवर मी वेगळा लेख लिहू शकेन.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. त्याच पाहणीत उरलेल्या १७६ जणांना स्टेरॉईड डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, आणि त्यांतले ७८ जण त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांकडून आलेले. स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक असं तिन्ही एकत्र असलेलं मलम लिहून द्यायचं, म्हणजे काहीही असलं तरी लागू पडेल. परीक्षेत गाळलेल्या जागी तीन उत्तरं लिहून ठेवणाऱ्या मुलाला मी शून्य देत असे.

पण दुकानदार आणि डॉक्टर यांच्यावर सगळं ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. गिऱ्हाईक दुकानात पाठवतो आपण. 'तीन आठवड्यांवर साखरपुडा' ही घाई आपली. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मात रंगाचा रकाना ठेवणारे आपण, फोटो पाहून 'चेहऱ्यावर डाग आहेत वाटतं' म्हणणारे आपण. मुरुमांवरचं योग्य औषध, बेंझॉइल पेरॉक्साईड असो की ॲडापलीन, आपला गुण दाखवायला साधारण आठ ते बारा आठवडे घेतं. स्टेरॉईड चार दिवसांत दाखवतं. ज्या समाजाला चार दिवसांत गोरीगोमटी मुलगी दाखवायची आहे त्याला कुठलं औषध आवडणार, ते सांगायला पंचांग नको.

मला उत्तर म्हणून सांगितलं जातं, 'पण गुण येतो ना!' येतो. कर्ज काढून केलेल्या लग्नातही जेवण उत्तमच असतं, हप्ते नंतर सुरू होतात. दुसरं सांगितलं जातं, 'मग घरगुती उपाय करावेत, ते तरी निर्धोक.' सगळे निर्धोक नाहीत. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डाग पडतात. खायचा सोडा दुसऱ्या टोकाचा, तो त्वचेचा स्वाभाविक आम्लपणा मोडतो. टूथपेस्ट दातांसाठी असते. ती पुटकुळीवर लावून झोपलं की सकाळी पुटकुळी सुकते आणि भोवतालची कातडी सोलवटते. जायफळ उगाळून लावण्यानं एखाद्याचं काही बिघडत नाही, दुसऱ्याला आग होते. आणि सकाळची शिळी थुंकी लावा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. 'त्वचेचा डॉक्टर आहे कुठे? तालुक्याला नाही. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, वर फी.' हे बरोबर आहे. चार पुटकुळ्यांसाठी जिल्ह्याला जा असं मी कुणाला सांगणार नाही. गरजच नाही. इथे गरिबाला आणि श्रीमंताला सारखाच परवडणारा एक उपाय आहे, तो म्हणजे काही न लावणं. आणि जेव्हा खरंच जावं लागतं तेव्हा जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून दाखवता येतं. ट्यूबमागून ट्यूब विकत घेतली तर वर्षाअखेर खर्च त्याहून जास्तच होतो, चेहरा जातो तो वेगळा.

तेव्हा करायचं काय, तर फार थोडं. पुटकुळी फोडायची नाही. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या रक्तवाहिन्यांचा संबंध आत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांशी येतो. तिथली पुळी पिळून जंतू आत गेल्याची उदाहरणं दुर्मीळ आहेत, पण आहेत. तापासकट डोळा किंवा चेहरा सुजला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. थ्रेडिंग करायचं तर नवा दोरा, धुतलेले हात, आणि नंतर दोन दिवस क्रीम-पावडर नाही. दाढीचं पातं स्वतःचं, धारेचं, केसांच्या दिशेनं. ओठांना लावायचं ते ओठांनाच लावावं, भोवती फासू नये. आंबा धुऊन, चीक काढून. मास्क वापरत असाल तर रोज धुतलेला. कडं पडलं असेल तर चेहऱ्यावरचं सगळं बंद करून फक्त पाणी आणि सौम्य साबण. डॉक्टरसुद्धा पहिलं पाऊल बहुधा हेच टाकतात. महिन्याभरात फरक नाही, गाठी दुखतात, खड्डे पडतात, पाळी बिघडली आहे, तर मात्र दाखवायचं. आणि जे आधीच महिनोन्महिने स्टेरॉईड लावत आहेत त्यांनी ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावं. ते एकदम थांबवायचं की उतरत्या क्रमानं, हे त्यांना ठरवू द्या.

शेवटी थोडं व्याकरण. ट्यूबवरचं कंपनीचं नाव वाचू नका, खालची औषधाची नावं वाचा आणि प्रत्यय बघा. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन: शेवटी 'सोन' आला की तिथे सोनं नाही, स्टेरॉईड आहे. क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन हेही त्याच घराण्यातले. क्लोट्रिमाझोल, किटोकोनाझोल यांतला 'झोल' मात्र वेगळा, ती बुरशीची औषधं. पण त्यांच्या शेजारी एखादा 'सोन' गुपचूप बसलेला नाही ना, तेवढं पाहा. नियम ढोबळ आहे, सगळी नावं त्यात बसत नाहीत, तरी आठवीच्या मुलाला दहा मिनिटांत येईल. स्टेरॉईड हे विष नव्हे, हेही सांगते. इसब, सोरायसिस अशा आजारांत जाणत्या डॉक्टरांच्या हातात ते वरदान ठरतं. भांडण औषधाशी नाही, ते किराणा मालासारखं मागण्याशी आणि देण्याशी आहे.

आता लग्नसराई येईल. मांडवात एखादी भाची, पुतणी, शेजारची पोर भेटेल, हनुवटीवर पुटकुळी असेल. तिच्याशी अभ्यासाचं बोला, नोकरीचं बोला, साडी छान दिसते म्हणा. हनुवटीबद्दल तिनं विचारल्याशिवाय बोलू नका. तिनं विचारलंच, तर सांगा की काही लावू नकोस, जाईल.